कंसमामा आणि तीनशे बारा शून्यं

पुराणातल्या कंसमामाशी या कंसमामाचा काडीचाही संबंध नाही. यानं उभ्या आयुष्यात कोणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता. निदान छपन्नाव्या वर्षापर्यंत त्याची तशी पक्की समजूत होती. कंस म्हणजे आपले कागदावरचे कंस, एक इकडून, एक तिकडून, आणि मध्ये काहीतरी कोंबलेलं. नोंदघरात येणाऱ्या प्रश्नांमधले कंस सोडवायचे, ही त्याची नोकरी. म्हणून कंस. आणि मामा का, तर कंस म्हटलं की पुढे मामा तोंडात येतंच, त्याला कोण काय करणार. खरं म्हणजे तो कोणाचाच मामा नव्हता. एकच बहीण, मोठी, आणि तिनं लग्न केलं नाही. आईवडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हा सहा. तिनं छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी धरली आणि याला लहानाचा मोठा केला. सगळं नोंदघर त्याला मामा म्हणायचं, आणि ताई एकटी त्याला अजून बारक्या म्हणायची.

नोंदघर म्हणजे चार मजल्यांची, कपाटांनी गच्च भरलेली इमारत. साहेब पहिल्या मजल्यावर. भाडेकरूंच्या वह्या तळमजल्यावर, कुटुंबांच्या दुसऱ्यावर, कर्मचाऱ्यांच्या तिसऱ्यावर आणि तक्रारींच्या चौथ्यावर, कारण जिने चढायला लागले की निम्म्या तक्रारी वाटेतच विरतात. बाकीच्या कचेऱ्या इथे लेखी प्रश्न पाठवायच्या आणि नोंदघर उत्तर म्हणून यादी पाठवायचं. साधा प्रश्न असला तर प्रश्नच नव्हता. पण कचेरीतला माणूस साधा प्रश्न विचारील तर शपथ. प्रश्नाच्या पोटात कंस करून दुसरा प्रश्न घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आणि नोंदघराचा नियम असा, की बाहेरच्या यादीत जितकी नावं असतील, तितक्या वेळा कंसातला प्रश्न नव्यानं विचारायचा.

मामा नोकरीला लागला त्याच वर्षी एक प्रश्न आला: पेठेतले जे रहिवासी वयानं (नोंदघरातल्या सगळ्यात जुन्या कारकुनापेक्षा) मोठे आहेत, त्यांची यादी द्या. कोणाला कशाला हवी होती, देव जाणे. रहिवासी बाराशे. शिपाई तळमजल्यावर एक नाव वाचायचा, चार जिने चढून त्या म्हाताऱ्या कारकुनापुढे उभा राहायचा, "आपलं वय?" असं अदबीनं विचारायचा, खाली यायचा, आकडा पडताळायचा आणि दुसरं नाव वाचायचा. पहिल्या दिवशी म्हातारबुवांनी हसून सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःच्याच वयाची शंका यायला लागली आणि त्यांनी जन्मदाखला आणून टेबलावर ठेवला. आठव्या दिवशी त्यांचा वाढदिवस आला, वय बदललं, आणि यादी पहिल्यापासून करावी लागली. शेवटी वैतागून त्यांनी राजीनामा दिला. झालं! आता सगळ्यात जुना कारकून दुसराच कोणी ठरला, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा हा पंचवीस वर्षांचा पोरगेला कारकून उठून म्हणाला, "अहो, कंसातल्या प्रश्नाला बाहेरचं काही लागतच नाही. मग तो एकदाच विचारा, उत्तर चिठ्ठीवर लिहून खाली ठेवा." सगळे त्याच्याकडे बघतच राहिले. साधीच गोष्ट, पण ती म्हणणारा कोणी नव्हता. मग तेव्हाच्या साहेबांनी त्याला क्रमलेखक नेमलं. प्रश्न आला की आधी त्याच्या टेबलावर. कोणती वही आधी उघडायची, कोणती नंतर, कंसातलं काय बाहेर काढायचं, हे सगळं तो एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचा. त्या चिठ्ठीला नोंदघरात चाल म्हणत.

काही कंस मात्र हट्टी असायचे. आतल्या प्रश्नाला बाहेरचं नाव कळल्याशिवाय उत्तरच देता यायचं नाही. म्हणजे "ज्या भाडेकरूंवर (त्या भाडेकरूवर अवलंबून असलेली माणसं किती) तीनपेक्षा कमी माणसं अवलंबून आहेत", असं काहीतरी. इथे दर भाडेकरूगणिक उत्तर वेगळं, म्हणून दर भाडेकरूगणिक जिना. मामानं त्यावरही तोड काढली. आतला प्रश्न कंसातून उचलायचा आणि एकदम सगळ्यांसाठी विचारायचा. दुसऱ्या मजल्यावरची वही एकदाच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची, दर नावापुढे किती माणसं ते मोजून एक लांबलचक तक्ता करायचा, तो तक्ता खाली आणायचा आणि भाडेकरूंच्या वहीशी नावाला नाव जुळवायचं. पाच महिन्यांचं काम एका दुपारी. शिपायाचे गुडघे वाचले म्हणून शिपायाच्या बायकोनं मामाला नारळ दिला होता. ही चाल बावीस वर्षं चालली. बाहेरगावचे कारकून ती शिकायला यायचे, आणि मामा त्यांना शिकवताना दोन्ही हातांचे कंस करून मधली हवा चिमटीत उचलून दाखवायचा.

घरीही तेच. बायकोनं म्हणावं, "ज्या दुकानदाराकडून तुम्ही मागच्या वेळी ते आणलं होतंत, जे तुमच्या त्या मित्राच्या बायकोला आवडलं होतं, त्याच्या शेजारच्याकडून साबण आणा." यानं डोळे मिटून म्हणावं, "आधी मित्र. मग बायको. मग दुकान." आणि साबण विसरून यावं. बायको म्हणायची, या माणसाला सगळं सोडवता येतं, फक्त पिशवीची गाठ सोडवता येत नाही.

आठ वर्षांपूर्वी नोंदघरात संगणक आले. डेटाबेस बसवायला एक मुलगी आली, चष्मा डोक्यावर आणि पेन्सिल कानावर. तिला सगळे संगणकवाली म्हणायला लागले. मामाला वाटलं, आता आपला बाजार उठला. पण ती सरळ त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मामा, मशीनलाही कोणीतरी चाल सांगावी लागते. प्रश्नातले प्रश्न कसे सोडवायचे, ते मला शिकवा. मी तसंच्या तसं आत घालते." दोन महिने तिनं त्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. मामाची छाती दोन बोटं फुगली. आता आपण गेलो तरी आपली चाल राहील, असं तो बायकोला म्हणाला. बायको म्हणाली, राहू दे, साबण आणा.

आणि मग जुन्या वसाहतीचा प्रश्न आला.

वसाहत पाडायची होती. चार हजार एकशे अठरा भाडेकरू, मागच्या बाजूला नव्या इमारती तयार. ज्यांच्यावर तीनपेक्षा कमी माणसं अवलंबून, त्यांना एक खोली. तीन किंवा जास्त असतील त्यांना दोन. महिनाअखेरीला पाडकाम. म्हणजे तोच तो हट्टी कंस. मामाची चाल, संगणकवालीचं मशीन. चहा गार व्हायच्या आत दोन याद्या बाहेर पडल्या. साहेबांनी मामाच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या आठवड्यात वसाहतीत पत्रं गेली, आणि लोक बोचकी बांधायला लागले.

ताई त्याच वसाहतीत राहायची, तळमजल्याला, चौदा नंबरच्या खोलीत. दर रविवारी मामा तिच्याकडे जेवायला जायचा. त्या रविवारी गेला, दार ठोठावायला हात उचलला, तर दारच नव्हतं. चौकट होती, दार नव्हतं. आत ताई खुर्चीवर बसून चहा पीत होती आणि बाहेरच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: रिकामी.

"ये," ताई म्हणाली. "दार लोटून घे म्हटलं असतं, पण सोय नाही."

"अगं, दार कुठे गेलं?"

"परवा दोघं आले आणि घेऊन गेले. चांगली मुलं होती. म्हटलं, काय रे, काय करताय? म्हणाले, इथे कोणी राहत नाही, रिकाम्या खोल्यांची दारं आधी काढायची असं लिहून आलंय. मी म्हटलं, मग तू बोलतोयस कोणाशी? तर तो म्हणाला, आजी, मी आपला स्वतःशीच बोलतोय, काम करताना मला सवय आहे."

"तू कचेरीत जायचंस ना!"

"गेले होते की. एका खिडकीवर तीनपेक्षा कमीवाले, दुसरीवर तीन आणि जास्तवाले. पहिल्या खिडकीनं यादी बघितली आणि म्हणाली, तुमचं नाव नाही, म्हणजे तुम्ही तीन आणि जास्त, तिकडे जा. दुसरी म्हणाली, इथे नाही, म्हणजे तुम्ही कमीवाल्या, तिकडे जा. सात फेऱ्या झाल्या, बारक्या. शेवटी दोघींनी एकमेकींना विचारलं आणि ठरवलं, की दोन्हीकडे नाही म्हणजे मी भाडेकरूच नाही. मी म्हटलं, हरकत अर्ज द्या. तर अर्जावर यादीतला अनुक्रमांक लिहावा लागतो. यादीत नसलेल्यांना हरकत घेता येत नाही."

मामाला आधी राग आला, आणि खोटं कशाला बोला, तो खिडकीवाल्यांचा नाही, ताईचा आला. "तुझंच काहीतरी बघायचं राहिलं असेल. ती यादी माझ्या चालीची आहे. ती चुकायची नाही."

"हो का? मग दार मीच खाल्लं असणार." ताईनं कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी मुद्रितं वाचली. चुकलेला शब्द कोणालाही दिसतो. सुटलेला शब्द दिसायला डोळा लागतो. चल माझ्याबरोबर."

तिनं त्याला ओळीनं हिंडवलं. अकरा नंबरला दार नाही, आत निवृत्त नर्सबाई. एकोणीसला दार नाही, आत घड्याळं दुरुस्त करणारे, सगळी घड्याळं पेटीत भरून पेटीवरच बसलेले. सव्वीसला दार नाही, आत एक चित्रकार, त्यानं दाराच्या जागी दाराचं चित्र टांगलं होतं. सगळ्यांनी चहा विचारला. मामा चौथ्या चौकटीत थबकला आणि उगाच विचारावं तसं म्हणाला, "तुमच्यासोबत कोण राहतं?" आतल्या माणसानं त्याच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "कोण राहणार?"

मामा तिथेच पायरीवर बसला. दुसऱ्या मजल्यावरची वही त्याला पानन्‌पान पाठ होती. त्या वहीत पान कोणाचं? ज्याच्यावर कोणीतरी अवलंबून आहे त्याचं. ज्याचं कोणीच नाही, त्याचं पान नाही. शेवटचं नाव खोडलं की पानच काढून टाकायचे. पान नाही, म्हणून तक्त्यात नाव नाही. नाव नाही, म्हणून जुळणीच्या वेळी तो माणूस गळाला, कमीतही नाही आणि जास्तीतही नाही. पूर्वी शिपाई एकेक नाव घेऊन जिना चढायचा, पान सापडायचं नाही, खाली येऊन "शून्य" असं सांगायचा आणि त्या नावापुढे शून्य पडायचं. शून्य तीनपेक्षा कमी, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मामानं शिपायाचे गुडघे वाचवले आणि शून्यं सगळी जिन्यातच राहिली.

सोमवारी सकाळी त्यानं संगणकवालीला गाठलं. तिनं ऐकलं, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला, काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर आकडा आला: तीनशे बारा. तिनं पेन्सिल कानावरून काढून खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मामा, ही चाल मी सगळ्याच याद्यांना लावलीये."

दोघांनी जुन्या याद्या काढल्या. अरे देवा. वर्षातून सगळ्यात कमी गैरहजर राहणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षिसाची ढाल मिळायची. बावीस वर्षं ती एक दिवस गैरहजर राहणाऱ्यालाच मिळाली होती. एका हुशार कारकुनाला हे नुसत्या अनुभवानं कळलं होतं. तो दर वर्षी ठरवून एक दिवस दांडी मारायचा आणि त्याच्या घरी नऊ ढाली होत्या. मामा एकतीस वर्षांत एकदाही गैरहजर नव्हता, त्याला कोणी कधी विचारलंही नव्हतं. सर्वांत सुरक्षित रस्त्याचा फलक दर वर्षी एक अपघात झालेल्या रस्त्यावर लागायचा. एकही अपघात नसलेल्या रस्त्यांना नोंदघराच्या हिशेबी अस्तित्वच नव्हतं, म्हणून त्यांच्यावर दिवेही बसले नव्हते. संगणकवाली म्हणाली, "दुरुस्ती सोपी आहे. बाहेरची यादी धरून ठेवायची, कोणालाही सोडायचं नाही, आणि जुळणी झाली नाही त्याच्यापुढे शून्य भरायचं. पण साहेबांची सही लागेल."

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि उठून दार लावलं. "मामा, बावीस वर्षांच्या याद्या आहेत. एक चुकली म्हटलं की सगळ्या उघडाव्या लागतील. तुम्ही कोणाला तोंड दाखवाल? मी कोणाला दाखवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या बहिणीचा प्रश्न आहे ना? त्यात काय एवढं. हा घ्या अवलंबिताचा अर्ज. तुमचंच नाव घाला. तुम्ही त्यांच्यावर अवलंबून आहात. शून्याचा एक झाला, की त्या आपोआप यादीत. दार उद्या परत."

"आणि बाकीचे तीनशे अकरा?"

"त्यांच्यापैकी कोणाची हरकत आलीये का?" साहेबांनी विचारलं.

मामानं अर्ज घेतला. लाज वाटत होती, पण घेतला. कोणी म्हणेल, कसला भित्रा माणूस. तसं म्हणणाऱ्यानं आपलं बावीस वर्षांचं नाव एका सहीनं मातीत घालून बघावं आणि मग बोलावं. संध्याकाळी तो ताईकडे गेला आणि अर्ज तिच्यापुढे ठेवला. चौकटीत तिनं जुनी चादर टांगली होती.

ताईनं अर्ज वाचला, सवयीनं दोन ठिकाणचा ऱ्हस्वदीर्घ सुधारला आणि हसायला लागली. "तू माझ्यावर अवलंबून? छपन्न वर्षांचा बाप्या! बायकोला विचारलंस का? ती म्हणेल, चला सुटले, पाठवून देते उद्याच."

"ताई, थट्टा नको. महिनाअखेरीला भिंती पडणार आहेत."

"मग नर्सबाईंना कोणता भाऊ आणून देतोस? घड्याळवाल्यांना? त्यांना तर बोलताना समोर माणूस आहे याचीच सवय गेलीये. त्यांनी कोणाला अवलंबून दाखवायचं, पेटीला?" तिनं अर्जाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली. "तुझ्या हुशारीनं मी सुटले म्हणून मला राग नाही. पण हे तुला आता कळलंय, आणि तरी तू हा कागद घेऊन आलास, याचा राग आहे. जेवून जा. भात जास्त झालाय."

तो जेवला. भूक नव्हती, तरी जेवला, कारण ताईच्या ताटात टाकून उठायची प्राज्ञा नव्हती. घरी जाताना त्यानं मनाशी ठरवलं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी साहेबांच्या खोलीपुढे जाऊन उभा राहिला.

"सही आणलीत बहिणीची?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. एक विचारू? तुमची बढती किती वर्षं अडलीये?"

साहेबांचा चेहरा आंबट झाला. सगळ्या नोंदघराला माहीत होतं, अकरा वर्षं. त्यांच्या हाताखालचे चौघे वर गेले आणि साहेब त्याच खुर्चीत राहिले. कोणीतरी आपल्याविरुद्ध कान भरले, असं ते गेली अकरा वर्षं म्हणत आले होते आणि चौघांशी बोलत नव्हते.

"बढतीची यादी कशी होते, साहेब? ज्या अधिकाऱ्याविरुद्ध (त्याच्याविरुद्धच्या तक्रारी किती) सगळ्यात कमी तक्रारी, तो वर. त्या यादीची चालही माझीच आहे." मामा टेबलाजवळ सरकला. "तुमच्याविरुद्ध किती तक्रारी आहेत?"

"एकही नाही," साहेब ताठ बसून म्हणाले. "तीस वर्षांत एकही नाही."

आणि मग त्यांना कळलं. ते कसं कळलं, हे मामाला समोर उभं राहून पाहावं लागलं. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे झाले, मग त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "म्हणजे कोणी एकानं जरी माझ्याविरुद्ध दोन ओळी खरडल्या असत्या..." ते म्हणाले. "बायकोचा भाऊ तर कधीपासून म्हणत होता, मी करतो तक्रार."

"हो साहेब."

"आणि मी त्याला घरातून हाकललं."

मामा मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, आता नोकरी गेली. साहेबांनी पेन काढलं आणि दुरुस्तीच्या आदेशावर सही केली, इतक्या जोरात की कागद फाटला. दुसरा करावा लागला. दुसऱ्या कागदावर मात्र त्यांनी खाली स्वतःच्या हातानं दोन ओळी वाढवल्या. मशीनवर आता विश्वास नाही. तीनशे बारा जणांची प्रत्यक्ष पडताळणी व्हावी, प्रत्येक नावासाठी कंसातला प्रश्न नव्यानं विचारला जावा, आणि तो प्रश्न ज्यानं कंसातून उचलला होता त्यानंच जाऊन विचारावा.

नऊ दिवस होते. संगणकवालीनं एक छोटा अर्ज करून दिला, त्यावर तीनच ओळी: तुमच्यावर अवलंबून माणसं किती? पूर्वी कोणी होतं का? आता का नाही? पुढच्या दोन साहेबांनी घालायला लावल्या होत्या. शून्य मुळातलं आहे की नंतर झालेलं, हे त्यांना बघायचं होतं. अकरा वर्षांनी त्यांना शून्याबद्दल फार कुतूहल आलं होतं.

मामा चौकटीचौकटींतून फिरला. दिवसाला पस्तीस घरं, म्हणजे कागदावर काहीच नाही. पहिल्या ओळीचं उत्तर तीनशे बारा वेळा एकच येणार, हे त्याला जायच्या आधीच माहीत होतं. असा प्रश्न तीनशे बारा वेळा विचारणाऱ्या माणसाला त्यानं पूर्वी वेडा ठरवलं असतं. पण लोक एका शब्दात सांगेचनात. नर्सबाईंनी आधी खुर्ची पुसली, मग "कोणी नाही" म्हणाल्या, आणि मग त्या कोणी नसलेल्यांबद्दल पाऊण तास सांगितलं. घड्याळवाल्यांनी पेटी उघडली आणि एक घड्याळ दाखवलं, बायकोचं, ते चालू ठेवलेलं नव्हतं. चित्रकार म्हणाला, "कोणीतरी होतं, पण नाव लिहू नका." एक आजोबा नुसतेच रडले, आणि मामानं त्यांच्या अर्जावर काय लिहावं हे न कळून "विचारलं" एवढंच लिहिलं. चौथ्या दिवशी त्याचे गुडघे सुजले. बायकोनं रात्री तेल चोळलं आणि पहिल्यांदाच साबणाचं नाव काढलं नाही.

नवव्या दिवशी, दुपारी साडेतीनला, तीनशे अकरा अर्ज पूर्ण होऊन एक उरला. चौदा नंबरची चौकट त्यानं मुद्दामच शेवटी ठेवली होती. चादर बाजूला करून तो आत गेला. ताईनं समोरची खुर्ची पुढे केली आणि साडीचा पदर नीट करून बसली, साहेबासमोर बसावं तशी.

"ताई, हे मी घरीच भरतो. तुला काय विचारायचं," तो म्हणाला.

"का? बाकीच्यांना विचारलंस ना? मग मलाही विचार. नियम आहे."

त्यानं पेन उघडलं. "तुमच्यावर अवलंबून माणसं किती?"

"कोणी नाही."

त्यानं शून्य लिहिलं.

"पूर्वी कोणी होतं का?"

"होता एक. भाऊ."

मामानं पेन कागदावर टेकवलं, पण ते पुढे सरकेना. तिसरी ओळ त्याच्या डोळ्यांपुढे पुसट व्हायला लागली. वाचायची गरज नव्हती, गेले नऊ दिवस तो ती पाठ म्हणत होता. शेवटी ताईनंच वाकून कागदावरची ओळ वाचली.

"आता का नाही," ती म्हणाली. "लिही. नोकरीला लागला. फार हुशार होता. नोकरी लागल्याच्या पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर जाऊन माझ्या पानावरचं आपलं नाव स्वतः खोडून आला, आणि मला पेढे दिले."

तो लिहीत होता. ती प्रत्येक शब्द नीट पडतोय का ते बघत होती. लिहून झाल्यावर तिनं कागद आपल्याकडे फिरवून पुन्हा एकदा वाचला आणि खाली सही केली.